मोठ्या कंपनीत दिवसभर करतात काय?

मागच्या महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंनी नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला मला बोलावले होते. विषय त्यांनीच ठरवला होता : ‘मोठ्या संगणक कंपनीतील माझे अनुभव’. मी याच शाळेतून १९९६ साली दहावी झाले आणि पुढे हायटेक सिटीच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत १७ वर्षे काम केले, एवढ्या भांडवलावर हे आमंत्रण होते. कंपनीचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मुलांनी विचारलेले प्रश्न अपेक्षेप्रमाणेच होते. पगार किती असतो? जेवण खरेच फुकट असते का? अमेरिकेला किती वेळा गेलात? मागे बसलेल्या दोन-तीन पालकांनीही ‘सध्या सुरुवातीचं पॅकेज काय चाललंय’ हे विचारून घेतले. तास संपत आला तेव्हा शेवटच्या बाकावरची नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, पण तिथे दिवसभर करतात काय?”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. १७ वर्षांत हा प्रश्न मला आईने विचारला नव्हता, सासूबाईंनी विचारला नव्हता, शेजारीपाजारी कोणी विचारला नव्हता. कंपनीचे नाव सांगितले की पुढचे सगळे समजलेच, असे सगळे धरून चालत. मी उत्तर द्यायला लागले आणि घंटा झाली. ते राहिलेले उत्तर इथे पुरे करते. त्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे दोन गोष्टी ठेवायच्या आहेत, त्याही ठेवते.

आधी बाहेरून दिसणारी बाजू. १९९८ साली पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले तेव्हा मी कॉलेजात होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत आपले विकासकेंद्र सुरू केले. २००४ मध्ये गूगल आले. २०१९ मध्ये ॲमेझॉनने नानकरामगुड्याला १५,००० माणसे बसतील अशी एकच प्रचंड इमारत उभी केली. काचिगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या आपल्या जुन्या मोहल्ल्यांतली मुले आता एमजीबीएसला आणि अमीरपेठला मेट्रो बदलून रायदुर्गला उतरतात आणि गळ्यात कार्ड अडकवून काचेच्या दारांतून आत जातात. आत थंडगार हवा, कॉफीची यंत्रे, टेबल टेनिस, चार प्रकारचे जेवण. हे सगळे खरे आहे. पण त्याची सवय तीन आठवड्यांत होते आणि मग काम उरते.

माझे पहिले काम सांगते. भारतातल्या ग्राहकांना बिलावरची तारीख अमेरिकन पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस, अशी दिसत होती. ती आपल्या पद्धतीने दाखवायची होती. बदल दीड ओळीचा. मला वाटले, जेवणाच्या सुट्टीआधी संपेल. ९ दिवस लागले. पहिले चार दिवस ती दीड ओळ नेमकी कुठे आहे आणि तिच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे हे शोधण्यात गेले. मग हा बदल का करायचा, याचे अर्ध्या पानाचे टिपण लिहिले. मग दोन सहकाऱ्यांनी माझा कोड वाचून ११ शंका काढल्या. त्यांतली एक अशी की माल परत करण्याची मुदत याच तारखेवरून मोजली जाते, ती तर बिघडणार नाही ना? मी ते पाहिलेच नव्हते. मग चाचण्या झाल्या. मग बदल आधी शंभरातल्या एका ग्राहकाला, मग दहा जणांना आणि शेवटी सगळ्यांना, असा सोडला.

हा सगळा घोळ सरकारी कचेरीसारखा वाटेल. मलाही वाटला होता. पण २०१५ साली एकट्या गूगलच्या कोडच्या ओळी सुमारे २०० कोटी होत्या आणि हजारो माणसे रोज त्यात बदल करत होती. एवढ्या मोठ्या घरात एक खुंटी हलवली तरी कुठल्या खोलीतले छत खाली येईल ते सांगता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमाने अडकली, बँका अडकल्या, रुग्णालये अडकली. आपल्या शमशाबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. शंभरातल्या एकाला आधी देऊन पाहण्याचे महत्त्व त्या दिवशी साऱ्या जगाला कळले.

तेव्हा बाळ, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की दिवसभर वाचतात. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचतात. ज्याने लिहिले तो कधीच कंपनी सोडून गेलेला असतो आणि त्याने असे का लिहिले हे विचारायला कोणी नसते. पहिल्या वर्षात मी नवे जेवढे लिहिले त्याच्या वीसपट तरी वाचले असेल.

दुसरे उत्तर, की लिहितात. इथे लिहिणे म्हणजे फक्त कोड नव्हे, साधे गद्य. कुठलेही मोठे काम सुरू करण्याआधी ते का करायचे, कसे करायचे, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का नाकारले, हे पाच-सहा पानांत लिहावे लागते. ॲमेझॉनमध्ये तर २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढूनच टाकले. त्याऐवजी सहा पानांचे निवेदन आणायचे आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचे. मोठमोठे अधिकारी वीस-पंचवीस मिनिटे माना खाली घालून वाचत बसले आहेत, हे चित्र आपल्या पहिल्या तासाच्या मूक वाचनापेक्षा फारसे वेगळे नाही.

माझे पहिले असे डॉक्युमेंट परत आले. साहेबांनी वर एकच ओळ लिहिली होती : नेमके काय म्हणायचे आहे? मला रडू कोसळले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी इंग्रजीत मोठमोठे शब्द वापरायला शिकले होते. पण म्हणणे थोडक्यात मांडायला मी शिकले होते ते आठवीत, आपल्याच शाळेत, सारांशलेखनाच्या तासाला. आमच्या मराठीच्या बाई उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश मागत आणि एक शब्द जास्त झाला तर वही परत देत. “पाल्हाळ घरी लाव, इथे नको,” असे म्हणत. त्या रात्री मी मनात आधी मराठीत सारांश केला आणि मग तो इंग्रजीत लिहिला. पुढची १७ वर्षे मी तसेच करत आले.

आता पहिली गोष्ट. गेल्या पालक-शिक्षक सभेत असे कानावर आले की आठवी-नववीच्या निबंध व सारांशलेखनाचे आठवड्यातले दोन तास कमी करून ते एका बाहेरच्या संस्थेच्या कोडिंग वर्गाला द्यावेत, असा विचार चालू आहे. पालकांची मागणी आहे असेही समजले. विश्वस्तांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कोडिंगची भाषा अमीरपेठेत तीन महिन्यांत शिकवतात. तिथल्या गल्ल्यांत पाट्यांवर पाट्या आहेत, आणि दर दोन-चार वर्षांनी त्या पाट्यांवरची नावे बदलतात. मी कॉलेजात शिकलेली भाषा माझ्या नोकरीत फार तर पाच वर्षे पुरली. आता तर साध्या इंग्रजीत सांगितले की कोड लिहून देणारी साधने आली आहेत. त्यांनी लिहिलेले बरोबर की चूक हे कोणीतरी वाचून ठरवावे लागते आणि काय हवे ते आधी नीट सांगावे लागते. म्हणजे पुन्हा वाचणे आणि लिहिणेच आले. ज्या दोन तासांचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला, नेमके तेच आपण संगणकाच्या नावाखाली कापायला निघालो आहोत. कोडिंग शिकवूच नये असे मी म्हणत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवावी. मी स्वतः येऊन शिकवीन, फी नको. निबंधाच्या तासाला हात लावू नये.

तिसरे उत्तर जरा अडचणीचे आहे. दिवसाचा, आणि कित्येकदा रात्रीचा, मोठा भाग चुका निस्तरण्यात जातो. पाळीपाळीने प्रत्येकाला ‘ऑन-कॉल’ राहावे लागते. म्हणजे आठवडाभर फोन उशाशी, आणि रात्री तीनला वाजला तरी उठून बसायचे. मी एकदा रात्री एक सेटिंग बदलले आणि काही हजार लोकांची खाती उघडेनाशी झाली. चूक माझी आहे हे मला दोन मिनिटांत कळले. पण मी ४० मिनिटे कोणालाही सांगितले नाही. गुपचूप दुरुस्त करून टाकू असे वाटत होते. त्या ४० मिनिटांत आकडा काही हजारांवरून लाखाच्या पुढे गेला. शेवटी मी फोन केला तेव्हा वरच्या माणसाने आधीचे सेटिंग परत आणून ६ मिनिटांत प्रकरण मिटवले.

दुसऱ्या दिवशी ‘पोस्टमॉर्टेम’ झाले. (हा शब्द ऐकून मुले खूप हसली होती, पण शब्द तोच आहे.) त्यात कोणी केले हे नावानिशी लिहीत नाहीत. काय झाले, कधी कळले, का कळले नाही आणि पुन्हा होऊ नये म्हणून यंत्रणेत काय बदलायचे, एवढेच लिहितात. ही पद्धत किती खोल गेली आहे त्याचे जाहीर उदाहरण म्हणजे २८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा टाइप करताना चूक केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले आणि हजारो संकेतस्थळे सुमारे चार तास अडखळली. कंपनीने घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात त्या माणसाचे नाव नाही. एका आज्ञेने एवढे सर्व्हर एकदम काढता येऊ नयेत अशी सुधारणा साधनात केली, हे मात्र आहे.

माझ्या पोस्टमॉर्टेममध्येही सेटिंगच्या चुकीबद्दल मला कोणी रागावले नाही. रागावले ते ४० मिनिटांबद्दल. ती ४० मिनिटे मी कुठे शिकले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काच फुटली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कोणी फोडली?’ शाळेत येतो, घरीही येतो. माझ्या मुलाला मीही हाच प्रश्न विचारते, हे मान्य केले पाहिजे. सहावीत नकाशा फाटला तेव्हा आम्ही सगळा वर्ग तोंड शिवून उभे होतो आणि ते शौर्य वाटले होते.

आता न आवडलेल्या गोष्टी, कारण त्या सांगितल्या नाहीत तर मुलांची फसवणूक होईल. मोठ्या कंपनीत तुमच्या वाट्याला येणारा तुकडा फार लहान असतो. माझी चुलत बहीण इथे छोट्याशा छापखान्याचा हिशेब सांभाळते. संध्याकाळी तिला दिवसभरात काय झाले ते दाखवता येते. मला कित्येक महिने आईला दाखवता येईल असे काही नव्हते. एकदा आम्ही नऊ जणांनी १४ महिने खपून केलेले काम एका मंगळवारी बंद झाले, कारण वरचे धोरण बदलले. काम वाईट नव्हते. पगार चालू राहिला आणि बुधवारी दुसरे काम मिळाले. तरी त्या मंगळवारी घरी येताना कॅबमध्ये मी कोणाशी बोलू शकले नाही.

वर्षातून एकदा मूल्यमापन होते. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी प्रत्येक गटातल्या काही जणांना खालचा क्रमांक द्यावाच लागे, सगळे चांगले असले तरी. ती पद्धत त्यांनी २०१३ साली बंद केली. आकडे गेले तरी तुलना कुठल्याच कंपनीतून जात नाही. कंपनीचे शेअर मिळतात, पण ते बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात पडतात, म्हणून वैतागलेला माणूसही ‘पुढचा हप्ता घेऊन जाऊ’ म्हणत थांबतो. मीही थांबले आहे. आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. मुलाच्या दोन गॅदरिंगला मी गेले, पण बाहेर व्हरांड्यात फोनवर उभी होते. त्याच्या नाटकातले एक वाक्यही मी ऐकलेले नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मी त्या दिवशी वर्गात सांगितली नाही. २०२२ च्या अखेरीपासून या मोठ्या कंपन्यांत कपातीची लाट आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० माणसे कमी केली. जानेवारी २०२३ या एका महिन्यात ॲमेझॉनने १८,०००, गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० कपातीची घोषणा केली. ही लाट पुढे लहान-मोठ्या अनेक कंपन्यांतून फिरत राहिली, आणि एका सकाळी माझ्याही मेलमध्ये तसे पत्र आले. कारण कामाचे नव्हते. आमचा विभागच बंद झाला होता. ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार माझी स्वतःबद्दल आहे. मी सात महिने हे कोणाला सांगितले नाही. घरी माहीत होते, बाहेर नाही. सकाळी ठरल्या वेळी मेट्रोने जायचे आणि वाचनालयात बसून अर्ज करायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ‘आमची सून अमुक कंपनीत’ अशी ओळख करून दिली आणि मी तिळगूळ घेऊन हसले. त्याच सुमारास शाळेच्या कार्यक्रमाची पत्रिका आली. तिच्यावर माझ्या नावापुढे कंसात कंपनीचे नाव छापलेले होते. मी ते दुरुस्त करायला सांगितले नाही. व्यासपीठावर जाऊन बसले.

पुन्हा तीच ४० मिनिटे, फक्त या वेळी सात महिन्यांची. तोंड उघडल्यावर १५ दिवसांत काम मिळाले, आणि ते मिळाले आपल्याच शाळेतल्या माझ्या एका वर्गमित्राच्या ओळखीने. आता मी ६० माणसांच्या एका कंपनीत रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करते. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे.

म्हणून दुसरी गोष्ट. सभागृहात डाव्या भिंतीवर ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’ असा फलक आहे. त्यावर नाव, दहावीचे वर्ष आणि कंपनी असे तीन रकाने आहेत. वरून आठव्या ओळीत मी आहे आणि तिसऱ्या रकान्यात अजून जुन्याच कंपनीचे नाव आहे. ते पुसावे अशी माझी विनंती आहे. नवीन कंपनीचे नावही लिहू नये. तिसऱ्या रकान्यात प्रत्येकाने कंपनीऐवजी आपण काय काम करतो ते एका ओळीत लिहून द्यावे. म्हणजे फलकावर आज नसलेल्या त्या छापखान्यातल्या बहिणीलाही, आणि गुजराती गल्लीत औषधाचे दुकान चालवणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलालाही, जागा होईल. रंगाऱ्याचा खर्च मी देईन. माझी ओळ तयार आहे : ‘रुग्णालयाच्या बिलात चूक होऊ नये, हे पाहते.’

घंटा झाल्यावर ती नववीतली मुलगी जिन्यात पुन्हा भेटली होती. “ताई, त्यांनी परत बोलावलं तर जाल?” म्हणाली. मी म्हटले, जाईनही. माणसे चांगली होती, शिकायला मिळत होते, आणि खोटे कशाला बोलू, जेवणही चांगले होते. पण जाण्याआधी रात्रीचे फोन किती असतात ते विचारीन. मुलगा यंदा दहावीला आहे.